लिनक्सवर पाच साउंड डिव्हाइस आणि एक गाण्याचा क्लास: कुठला आवाज कुठे जाईल हे पक्कं कसं करायचं

ताई, नमस्कार.

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुम्ही कोपरखैरण्याला घरून ऑनलाइन गाणं शिकवता. कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट २२ आहे. मदरबोर्डच्या हिरव्या जॅकला दोन छोटे स्पीकर आहेत, एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला स्वतःचे स्पीकर आहेत, यूएसबी ऑडिओ इंटरफेसवर (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी बाहेरची डबी) गळ्याचा एक आणि पेटीचा एक असे दोन माइक आहेत, शिवाय वेबकॅमचा माइक आणि ब्लूटूथ इअरफोन. तुम्हाला तानपुरा स्पीकरवर हवा, विद्यार्थ्याचा आवाज फक्त तुमच्या कानात हवा, आणि विद्यार्थ्याला गळा, पेटी, तानपुरा तिन्ही नीट ऐकू जायला हवं. भाच्याने नेटवर वाचून होम फोल्डरमध्ये ‘.एसाउंडआरसी’ नावाची फाइल टाकून दिली, ती महिनाभर चालली. मग एका संध्याकाळी लाइट गेली, परत आली, आणि तेव्हापासून तानपुऱ्याचं सॉफ्टवेअर ‘डिव्हाइस उघडता येत नाही’ म्हणतंय, विद्यार्थ्याचा आवाज मॉनिटरमधून येतोय आणि मीटिंगला वेबकॅमचा माइक लागतोय. नवीन साउंड कार्ड घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. सहावं डिव्हाइस आणलंत तर गोंधळ वाढेल, कमी होणार नाही. तुमच्याकडे जे आहे ते पुरेसं आहे, उलट त्यातलं अर्धं बंद करायला लागणार आहे.

मी ठाण्यात गाण्याचे, तबल्याचे क्लास आणि छोट्या रेकॉर्डिंग खोल्यांना कॉम्प्युटर आणि साउंड लावून देतो, बरेचसे लिनक्सवर. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की लिनक्सला जास्त डिव्हाइस झेपत नाहीत. झेपतात. अडचण अशी की आवाज कुठे जायचा हे एकाच वेळी चार ठिकाणी ठरत असतं, आणि आपण त्यातल्या एकाच ठिकाणी सेटिंग बदलून बाकी तीन विसरतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, साउंड कार्डांना नंबर देतो. प्रत्येक कार्डाचा एक प्रोफाइल असतो, म्हणजे ते सध्या जॅकसाठी चालू आहे की एचडीएमआयसाठी. त्यावर पाइपवायर (सगळ्या प्रोग्रामांचा आवाज डिव्हाइसांपर्यंत पोचवणारी यंत्रणा) आणि त्याचा जोडीदार वायरप्लंबर कोणता प्रोग्राम कुठे वाजवायचा हे लक्षात ठेवतात. आणि सगळ्यात वर मीटिंगचं अ‍ॅप किंवा ब्राउझर स्वतःच्या सेटिंगमध्ये पुन्हा वेगळं डिव्हाइस धरून बसलेलं असतं.

भाच्याची फाइल या रचनेत नेमकी कुठे बसते ते आधी बघू, कारण तुमची निम्मी तक्रार तिथेच सुटते.

लिनक्समध्ये आवाजाची सगळ्यात खालची पायरी म्हणजे अल्सा. कर्नलच्या २.६ आवृत्तीपासून, म्हणजे २००३ च्या अखेरीपासून तीच मुख्य यंत्रणा आहे. त्यानंतर वरचा मजला म्हणून पल्सऑडिओ आलं, २००७-०८ च्या सुमारास फेडोरा आणि उबुंटू या मिंटसारख्याच लिनक्स प्रणालींनी ते सोबत द्यायला सुरुवात केली. २०१७ मध्ये पाइपवायर सुरू झालं, २०२१ च्या फेडोरा ३४ ने आणि २०२२ च्या उबुंटू २२.१० ने आवाजासाठी ते मूळ म्हणून घेतलं. मिंट २१ मध्ये पल्सऑडिओ होतं, मिंट २२ मध्ये पाइपवायर आहे. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की नेटवर तिन्ही काळांतले सल्ले शेजारी शेजारी सापडतात आणि त्यावर तारीख बघायची सवय कोणाला नसते. ‘.एसाउंडआरसी’ लिहा हा सल्ला पहिल्या काळातला. तेव्हा तो योग्यच होता.

त्या फाइलमध्ये बहुधा ‘मूळ कार्ड नंबर १’ अशा अर्थाच्या दोन ओळी असतील. आता टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून ‘कॅट /प्रोक/असाउंड/कार्ड्स’ (cat /proc/asound/cards) हा हुकूम द्या. साधारण असं काही दिसेल: ० वर चौकोनी कंसात ‘पीसीएच’ म्हणजे मदरबोर्डचं कार्ड, मग १ वर वेबकॅम, २ वर यूएसबी इंटरफेस. हे नंबर ठाणे स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाच्या रांगेसारखे असतात, जो आधी पोचला तो पुढे. मदरबोर्डचं कार्ड सहसा पहिलं पोचतं. पण वेबकॅम आणि इंटरफेस दोन्ही यूएसबीवर, आणि त्यांच्यात कोण आधी ओळखलं जाईल ते प्रत्येक वेळी सारखं राहील याची खात्री नसते. महिनाभर इंटरफेस १ होता. लाइट जाऊन आली, सगळं एकदम सुरू झालं, आणि यावेळी वेबकॅम १ झाला. वेबकॅमला माइक आहे पण आवाज वाजवायची सोयच नाही. तानपुऱ्याचं सॉफ्टवेअर थेट अल्साशी बोलतं, ते फाइल वाचून एक नंबरकडे गेलं आणि तिथे वाजवायला काही मिळालं नाही. ‘डिव्हाइस उघडता येत नाही’ याचा अर्थ एवढाच.

मीटिंगचं अ‍ॅप मात्र पाइपवायरमार्फत चालतं, ते ही फाइल बघतही नाही. म्हणून एकाच कॉम्प्युटरवर दोन वेगळे कारभार चालू होते. आणखी एक त्रास असा, की थेट अल्सावर जाणारा प्रोग्राम अनेकदा कार्ड एकट्यासाठी धरून ठेवतो आणि मग पाइपवायरला ते मिळत नाही. महिनाभरात कधी ‘आज हेडफोनमध्ये काहीच येत नाहीये’ असं झालं असेल तर ते यामुळे असू शकतं.

तेव्हा पहिली गोष्ट: ती फाइल काढा. पुसायची नसेल तर नाव बदलून ठेवा. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे ती लपलेली असते, फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसेल. फाइल गेली की अल्साशी बोलणारे प्रोग्रामही पाइपवायरच्या दारातून आत येतात. त्यासाठी ‘पाइपवायर-अल्सा’ हे पॅकेज लागतं, ते सहसा आधीच बसवलेलं असतं, तरी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकदा खात्री करा. आणि तानपुऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डिव्हाइस निवडायची यादी असेल तर ‘एचडब्ल्यू’ने सुरू होणारं काही न निवडता ‘डीफॉल्ट’ ठेवा.

पाइपवायर नंबरावर चालत नाही. ते यूएसबी डिव्हाइसला कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर मिळून झालेल्या लांबलचक नावाने ओळखतं, त्यामुळे कितीही वेळा लाइट गेली तरी इंटरफेस इंटरफेसच राहतो. याला एक अपवाद आहे. एकाच मॉडेलची दोन स्वस्त यूएसबी कार्डं लावली आणि दोघांनाही सिरियल नंबर नसला तर ती एकमेकांच्या जागी जाऊ शकतात. तुमच्याकडे तसं नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी प्रत्येक कार्डाचं यूएसबी पोर्ट ठरवून घ्यावं, तिथे रंगीत टेप लावावी आणि पोर्टावरून नाव देणारा युडेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेली डिव्हाइसं ओळखणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहावा.

आता छाटणी. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘पॅव्हुकंट्रोल’ बसवा, मेन्यूत ते ‘पल्सऑडिओ व्हॉल्युम कंट्रोल’ नावाने येतं. नावात पल्सऑडिओ असलं तरी पाइपवायरबरोबर ते व्यवस्थित चालतं. त्यात पाच टॅब आहेत, सगळ्यात शेवटचा ‘कॉन्फिगरेशन’. लोक पहिल्या टॅबवर तासभर घालवतात आणि या शेवटच्या टॅबकडे जातच नाहीत. तुम्ही इथूनच सुरुवात करा.

वेबकॅमसमोरचा प्रोफाइल ‘ऑफ’ करा. चित्र चालू राहील, फक्त माइक यादीतून जाईल. मॉनिटरच्या बाबतीत तुमच्या मशीनवर अवलंबून आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर एचडीएमआय आवाजाचं स्वतंत्र कार्ड दिसेल, तेही ‘ऑफ’. मदरबोर्डच्याच ग्राफिक्सवर मॉनिटर असेल तर बऱ्याचदा जॅक आणि एचडीएमआय एकाच कार्डाचे दोन प्रोफाइल असतात. तिथे ‘अ‍ॅनालॉग स्टीरिओ आउटपुट’ निवडलं की एचडीएमआय आपोआप बाजूला होतं. काही नव्या लॅपटॉपवर स्पीकर आणि दोन-तीन एचडीएमआय एकाच प्रोफाइलमध्ये बांधलेले असतात, ते सुटे करता येत नाहीत. पण तुमचं डेस्कटॉप आहे, त्यामुळे वरच्या दोहोंपैकी एक लागू पडेल असं मला वाटतं.

हे हाताने ठरवणं का महत्त्वाचं? लाइट गेल्यावर मॉनिटरही बंद होतो आणि परत चालू झाला की कर्नल वर कळवतो की एचडीएमआयला आवाजाचं डिव्हाइस आत्ताच जोडलं गेलं. प्रोफाइल तुम्ही ठरवलेला नसेल तर वायरप्लंबर त्या वेळी जे उपलब्ध आहे त्यातून स्वतःच्या हिशेबाने निवडतो. तुमच्या विद्यार्थ्याचा आवाज मॉनिटरमध्ये गेला तो बहुधा असाच. प्रोफाइल एकदा हाताने निवडला की त्याची नोंद राहते आणि पुढच्या वेळी तोच लागतो.

ब्लूटूथ इअरफोन क्लासच्या वेळी बंद ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो. ब्लूटूथला आवाजाच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत फक्त ऐकता येतं आणि दर्जा चांगला असतो. दुसरी फोनवर बोलण्यासाठी आहे, तिच्यात माइक चालतो पण आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झच्या नमुन्यांवर उतरतो. कुठल्याही अ‍ॅपने त्या इअरफोनचा माइक मागितला की जोडणी दुसऱ्या तऱ्हेवर जाते, आणि विद्यार्थ्याचा सूर कानाला फोनवरच्यासारखा दबका लागतो. मींड आणि गमक यांतला फरक अशा आवाजात कसा तपासणार? शिवाय ब्लूटूथवर आवाज सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. इंटरफेसच्या हेडफोन जॅकला लावायला साधे वायरचे हेडफोन घ्या. या सगळ्या प्रकरणात खर्च करायचाच असेल तर तो इथे.

म्हणजे उरले दोनच: मदरबोर्डचा जॅक, म्हणजे स्पीकर, आणि इंटरफेस, म्हणजे हेडफोन आणि दोन्ही माइक. पाचाचे दोन झाले की पुढचं सोपं आहे.

‘डीफॉल्ट’ कोणतं ठेवायचं यावर माझं ठाम मत आहे. बहुतेक जण स्पीकर डीफॉल्ट ठेवतात, कारण आवाज म्हणजे स्पीकर. मी उलटं करतो. ज्या आवाजाचा आपण विचारच केलेला नाही, मेल आल्याची टिंग, ब्राउझरमध्ये आपोआप सुरू झालेली जाहिरात, तो जिथे गेल्याने कमीत कमी नुकसान होईल ते डिव्हाइस डीफॉल्ट असावं. तुमच्याकडे ते म्हणजे हेडफोन. टिंग तुमच्या कानात वाजली तर विद्यार्थ्याला कळणारही नाही. स्पीकरवर वाजली तर माइकमधून थेट त्याच्या घरी. म्हणून ‘आउटपुट डिव्हायसेस’ टॅबमध्ये इंटरफेससमोरचं हिरव्या टिकचं बटण दाबा, आणि ‘इनपुट डिव्हायसेस’मध्येही इंटरफेससमोरचंच.

याचा फायदा बघा. विद्यार्थ्याचा आवाज हेडफोनमध्ये हवा होता, तो आता काही न करता तिथेच जाईल. माइकही काही न करता बरोबर लागेल. संपूर्ण कॉम्प्युटरवर अपवाद फक्त एक उरतो, तानपुरा. एक अपवाद सांभाळणं जमतं.

तानपुरा सुरू करा आणि वाजता ठेवून पॅव्हुकंट्रोलच्या ‘प्लेबॅक’ टॅबवर या. वाजता ठेवून हे महत्त्वाचं आहे, कारण आवाज चालू असेपर्यंतच तो प्रोग्राम इथे दिसतो, थांबला की ओळ गायब होते. त्या ओळीच्या उजवीकडे छोटं बटण असतं, त्यावरून मदरबोर्डचं अ‍ॅनालॉग आउटपुट निवडा. तानपुरा स्पीकरवर येईल. तो बंद करून परत लावा आणि पुन्हा स्पीकरवरच येतो का बघा. आला म्हणजे वायरप्लंबरने नोंद ठेवली.

ही नोंद प्रोग्रामच्या नावाने ठेवली जाते, आणि त्यात एक खाच आहे. तानपुरा तुम्ही ब्राउझरच्या एका टॅबमध्ये लावलात आणि मीटिंग त्याच ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये, तर नोंदीच्या दृष्टीने दोघांचं नाव एकच. आज वेगळे केलेत तरी उद्या दोघं एकाच डिव्हाइसवर जातील, आणि ही तक्रार ‘कधी चालतं, कधी नाही’ अशा रूपात येते म्हणून शोधायला फार वेळ जातो. शिवाय प्रतिध्वनी टाळण्यासाठी ब्राउझर स्वतः वाजवलेला आवाज माइकमधून वजा करायचा प्रयत्न करतो. त्याच ब्राउझरमधला तानपुरा त्यात खरवडला जाऊ शकतो. तुमचं तानपुऱ्याचं स्वतंत्र सॉफ्टवेअर आहे, तेच चांगलं. कोणाकडे नसेल तर आपल्या पट्टीचा, समजा काळी चारचा, तासाभराचा तानपुरा रेकॉर्ड करून व्हीएलसीसारख्या वेगळ्या प्लेअरमध्ये लावावा.

मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये काय निवडायचं? झूममध्ये ‘सेम अ‍ॅज सिस्टीम’, ब्राउझरमध्ये ‘डीफॉल्ट’. अ‍ॅपला स्वतःहून डिव्हाइस निवडू देऊ नका. अ‍ॅपमध्ये इंटरफेसचं नाव निवडलं तरी चालेल असं वाटतं, आणि चालतंही, पण मग कधी बिघडलं की दोन ठिकाणी शोधावं लागतं. ठरवण्याची जागा एकच राहू द्या. तसंच घडी बसल्यावर खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट बदलू नका. काही डेस्कटॉपवर तिथून बदललं की चालू असलेले सगळे आवाज एकदम नव्या ठिकाणी जातात, तानपुऱ्यासकट.

आता विद्यार्थ्याकडे काय पोचतं त्याकडे येतो. गाणं शिकवणाऱ्यांचा खरा जीव इथे अडकतो आणि यावर फार कमी लिहिलं जातं.

तानपुरा स्पीकरवर वाजतोय, माइक तो पकडतोय, तरी विद्यार्थी म्हणतो ‘मॅडम, तानपुरा येतो आणि जातो’. यात लिनक्सचा दोष नाही. मीटिंगची अ‍ॅपं माणसाचं बोलणं ठेवून बाकीचं पुसायला बनवलेली असतात. त्यांच्या दृष्टीने सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा. आणि तानपुरा सतत एकसारखाच चालतो. तुम्ही गायला लागलात की तो थोडा दिसतो, थांबलात की पुसला जातो. लांब धरलेला षड्ज, पेटीवरचा भरणा यांचंही तेच होतं, सुरुवात ऐकू येते आणि शेपूट विरतं. झूममध्ये यासाठी ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय आहे, ती सेटिंगमध्ये चालू करा आणि नंतर प्रत्येक मीटिंगमध्येही ती लागली आहे ना बघा. गुगल मीटमध्ये ‘नॉइज कॅन्सलेशन’चा पर्याय दिसत असेल तर बंद करा. हे बंद केलंत की खोलीतला पंखा, खालून जाणारी बस हेही ऐकू जाईल, त्याला इलाज खिडकी बंद करणं हाच. पण विद्यार्थ्याला स्वराचा शेवट ऐकू आला पाहिजे, आणि त्यापुढे थोडी गडबड चालते असं माझं मत आहे.

आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करण्याची सोयही तशीच. क्लास चालू असताना पॅव्हुकंट्रोलचा ‘इनपुट डिव्हायसेस’ टॅब उघडा ठेवून गा. माइकची पट्टी तुम्ही हात न लावता मागेपुढे सरकताना दिसली तर ते अ‍ॅप करतंय. तुम्ही मंद्रात हळू गाता तेव्हा ते वाढवतं, तारसप्तकात गेलात की खाली ओढतं, आणि विद्यार्थ्याला लहानमोठेपणा कळतच नाही. अ‍ॅपमध्ये ही सोय बंद करा आणि पातळी इंटरफेसच्या गेनच्या बटणाने ठरवा. सगळ्यात जोराने गाऊन बघा, लाल दिवा लागणार नाही इतपत ठेवा.

दोन माइकबद्दल एक गोष्ट. नेहमीच्या प्रोफाइलमध्ये इंटरफेसचा पहिला माइक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे येतो. मीटिंगचं अ‍ॅप सहसा एकच, मोनो आवाज घेतं आणि पाइपवायर दोन्ही मिसळून देतं, त्यामुळे काही करावं लागत नाही. पण झूममध्ये कोणी ‘स्टीरिओ’ चालू केलं तर विद्यार्थ्याच्या एका कानात गळा आणि दुसऱ्यात पेटी जाईल. ते बंद ठेवा. कॉन्फिगरेशनमध्ये ‘प्रो ऑडिओ’ नावाचाही प्रोफाइल दिसेल. तो दोन्ही माइक सुटे देतो आणि वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्डिंग करायला उत्तम आहे, पण क्लाससाठी गरज नाही.

स्पीकरवरचा तानपुरा माइकने पकडण्याची ही पद्धत खोलीवर अवलंबून आहे. खोली लहान आणि फरशी-भिंती उघड्या असतील तर आवाज घुमतो. तसं झालं तर दुसरी वाट आहे. ‘क्यूपीडब्ल्यूग्राफ’ नावाचा प्रोग्राम बसवा. त्यात प्रत्येक प्रोग्राम आणि डिव्हाइस चौकोनासारखं दिसतं आणि त्यांच्यामध्ये वायरी ओढता येतात. तानपुऱ्यापासून आधीची वायर असतेच, दुसरी थेट मीटिंगच्या माइकच्या खाचेत ओढायची. पाइपवायर एका आवाजाच्या दोन वाटा आनंदाने चालवतं. ही जोडणी ‘पॅचबे’ म्हणून सेव्ह करून ती चालू ठेवा, नाहीतर मीटिंग बदलली की वायर निघून जाते. फक्त असं केलंत तर तानपुरा स्पीकरवरून काढून हेडफोनमध्ये घ्या. थेट वायरीने आणि शिवाय स्पीकर-माइकमार्फत असा तो दोन वाटांनी गेला, तर दोन्हींत काही मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झणझण, जाऊन आवाज पोकळ होतो. मी पहिली वाट आधी करून बघायला सांगेन. तिच्यात सुटे भाग कमी आहेत, आणि तुम्हालाही कानात यंत्रातला तानपुरा ऐकण्यापेक्षा खोलीत भरलेला ऐकून गाणं सोपं जाईल.

विद्यार्थ्याने मात्र तुमच्या तानपुऱ्यावर गाऊ नये, त्याने स्वतःच्या घरी वेगळा लावावा. इंटरनेटवरून आवाज जाऊन परत यायला जो वेळ लागतो तो कुठल्याही सेटिंगने जात नाही. त्यामुळे दोघांनी एकत्र गाणं जमत नाही, आळीपाळीनेच गावं लागतं.

घडी बसल्यावर पुन्हा कधी बिघडलं तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करायची गरज नसते. टर्मिनलमध्ये ‘सिस्टीमसीटीएल --यूझर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर’ (systemctl --user restart pipewire pipewire-pulse wireplumber) एवढं द्या, आवाजाची यंत्रणा दोन-तीन सेकंदांत नव्याने उभी राहते. हुकमाच्या आधी ‘सुडो’ लावू नका, ही यंत्रणा तुमच्या खात्यात चालते, रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्यात नाही. नोंदीच इतक्या गुंतल्या असतील की काही केल्या सुटत नाहीत, तर होम फोल्डरमध्ये ‘.लोकल’, त्यात ‘स्टेट’, त्यात ‘वायरप्लंबर’ असा फोल्डर आहे. त्याचं नाव बदला, वरचा हुकूम द्या, आणि प्रोफाइल, डीफॉल्ट, तानपुरा हे तीन पुन्हा ठरवा. वायरप्लंबरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये काहीतरी लिहा असा सल्ला कुठे मिळाला तर आवृत्ती बघितल्याशिवाय करू नका. २०२४ मध्ये आलेल्या ०.५ पासून त्या फाइलींची लिहिण्याची पद्धतच बदलली आहे आणि मिंट २२ वर अजून ०.४ आहे. तुमच्या कामाला त्या फाइलींना हात लावावा लागणार नाही.

लाइटबद्दलही बोलतो, कारण सुरुवात तिथून झाली. कॉम्प्युटर, मॉनिटर, इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि तो बोर्ड यूपीएसवर. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर चालू आणि स्पीकर बंद अशी अर्धवट अवस्था टळते. सगळं एकाच सॉकेटवर असल्याने अर्थिंगमधून येणारी घूंऽऽ अशी गुणगुणही बऱ्याचदा कमी होते. यूएसबी इंटरफेस स्वस्त हबमधून न लावता थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टात लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर कधी कधी सैल असते आणि इंटरफेस क्षणभर सुटून परत येतो. तेवढ्यात सगळे आवाज दुसऱ्या डिव्हाइसवर उडी मारतात.

हे सगळं एका बसणीत करा, पण क्लासच्या आधी अर्धा तास नको. रविवारी दुपारी करा आणि एखाद्या मोठ्या विद्यार्थिनीला दहा मिनिटं मीटिंगवर बसवा. तिला विचारा की तुम्ही गायचं थांबल्यावर तानपुरा ऐकू येत राहतो का, आणि तिचं स्वतःचं बोलणं तिला परत ऐकू येतं का. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ आलं की झालं.

तरी अडलंच, तर इथेच तीन गोष्टी लिहा: ‘कॅट /प्रोक/असाउंड/कार्ड्स’ने जे दिसलं ते सगळं, कॉन्फिगरेशन टॅबचा फोटो, आणि ‘पॅक्टीएल इन्फो’ (pactl info) हा हुकूम दिल्यावर ‘सर्व्हर नेम’च्या ओळीत काय येतं ते. त्या ओळीत पाइपवायरचं नाव दिसलं नाही, तर मशीन मिंट २१ वरून अपग्रेड होताना जुनं पल्सऑडिओच राहून गेलेलं असू शकतं. तसं असेल तर क्यूपीडब्ल्यूग्राफची वाट चालणार नाही, पण छाटणी, डीफॉल्ट आणि तानपुऱ्याचा अपवाद हे सगळं याच पॅव्हुकंट्रोलमध्ये याच क्रमाने करता येईल.